गर्भधारणेची पाच कारणे

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे म्हणजे साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. प्रयोगशाळेत स्त्रीबीज व शुक्रजंतू यांचा संयोग घडवून भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या, म्हणजेच आयव्हीएफच्या, यशापयशाचा विचार करताना ही मांडणी विलक्षण उपयोगी पडते. येथे सर्वांत निर्णायक ठरते ते अधिष्ठान, त्यातही स्त्रीबीजाचे वय. पस्तिशीनंतर बीजांतील गुणसूत्रांची, म्हणजे आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या घटकांची, वाटणी चुकण्याचे प्रमाण वाढत जाते, आणि म्हणूनच चाळिशीतील स्त्रीने तरुण दात्रीचे बीज घेतल्यास यशाची शक्यता मुख्यतः दात्रीच्या वयावर अवलंबून राहते. धूम्रपान, अतिस्थूलता, शुक्रजंतूंची प्रत, प्रयोगशाळेची दक्षता यांचाही वाटा असतोच. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली निर्दोष दिसणारा पाच दिवसांचा भ्रूणही पुष्कळदा गर्भाशयाच्या अस्तरात रुजत नाही, आणि त्याचे नेमके कारण वैद्यालाही सांगता येत नाही. या उरलेल्या अज्ञाताला दैव म्हणणे रास्त आहे. मात्र त्याचे खापर पूर्वजन्मीच्या पापावर, आणि तेही बहुधा एकट्या स्त्रीच्या माथी, फोडणे हा गीतेच्या विचाराचा विपर्यास होय, कारण पाच कारणे असताना केवळ एकालाच कर्ता मानणाऱ्याची बुद्धी तोच अध्याय असंस्कृत ठरवतो.