चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली. दिवसरात्र गाण्यांच्या चित्रफिती दाखवायच्या, हेच तिचे काम. तत्पूर्वी एल्व्हिस प्रेस्ली आणि बीटल्स दूरचित्रवाणीवर झळकले होतेच. तरीही गायकाची ओळख आधी कानाला होत असे आणि चेहरा मागून येई. आता हा क्रम उलटला. डिसेंबर १९८३ मध्ये मायकल जॅक्सनची ‘थ्रिलर’ ही सुमारे चौदा मिनिटांची चित्रफीत आली. ती चित्रपट-दिग्दर्शक जॉन लँडिस यांनी केली होती. कथानक, भयपटाची रंगभूषा, नृत्य असे सारेच तिच्यात होते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, या पडद्याने पुढे एक दार उघडले. आरंभी ही वाहिनी कृष्णवर्णीय कलावंतांना फारसे स्थान देत नसे. १९८३ मध्ये डेव्हिड बोवी या गोऱ्या गायकाने मुलाखत घेणाऱ्यालाच त्याबद्दल जाब विचारला होता. जॅक्सनच्या यशापुढे तो पक्षपात टिकू शकला नाही. गाण्या-वाजवण्यासंबंधी उलेमांचे काय म्हणणे आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. तो विषय मी येथे घेत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे : ज्याचे गुण आपले नाहीत, त्याचे श्रेय अंगावर मिरवणाऱ्याचा अपराध किती, आणि ते मिरवायला लावणाऱ्याचा किती?

‘मिली व्हॅनिली’ या जोडीची हकिकत येथे आठवते. रॉब पिलाटस आणि फॅब मॉर्व्हन हे दोन देखणे, नृत्यकुशल तरुण जर्मनीतील निर्माते फ्रँक फारियन यांच्या हाती लागले. गाणारे दुसरेच होते : ब्रॅड हॉवेल, जॉन डेव्हिस आणि इतर काही जण. त्यांचे कंठ उत्तम. पण पडद्याला हवे तसे रूप त्यांच्यापाशी नाही, असा हिशेब झाला. अमेरिकेत निघालेल्या ध्वनिमुद्रिकेवर गायक म्हणून नावे मात्र त्या दोन तरुणांचीच छापली गेली. जुलै १९८९ मध्ये एका कार्यक्रमात ध्वनिफीत अडकली आणि एकच ओळ पुनःपुन्हा वाजू लागली. रॉब मंचावरून पळाला. प्रेक्षकांनी ते फारसे मनावर घेतले नाही! फेब्रुवारी १९९० मध्ये दोघांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. नोव्हेंबरमध्ये फारियन यांनी सत्य उघड केले आणि ते पारितोषिक काढून घेण्यात आले.

केवळ ओठ हलवणे हेच पाप म्हणावे, तर आपल्याकडचे पार्श्वगायन तरी कुठे वेगळे? पण तेथे कोण गाते आहे, हे प्रेक्षकाला माहीत असते. तेही आपोआप घडले नाही. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ हे चित्रपटातील पात्राचे नाव होते. श्रोते विचारू लागले, तेव्हा आकाशवाणीवरून लता मंगेशकर हे नाव सांगितले गेले. फिल्मफेअरचे पार्श्वगायनाचे पारितोषिकही १९५९ पासूनचे, तेही लताबाईंनी आग्रह धरल्यानंतरचे. म्हणजे दोष उसन्या आवाजात नाही, तो उसनवारी लपवण्यात आहे.

एका स्त्रीने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले होते की, पतीने न दिलेली वस्तू दिली आहे, असे सवतीला भासवले तर चालेल का? प्रेषितांनी अशा माणसाला खोटेपणाची दोन वस्त्रे पांघरणाऱ्याची उपमा दिली. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. मदरशात शिकताना मला ती घरगुती हेव्यादाव्याची गोष्ट वाटली होती. आज तिची व्याप्ती किती मोठी आहे, ते कळते.

तरीही त्या दोन तरुणांविषयी माझे मन कठोर होत नाही. त्यांनी लबाडी केली, हे खरेच. परंतु ती वस्त्रे दुसऱ्याने शिवली, दुसऱ्याने विकली, आणि उपहास झाला तो ती घालणाऱ्यांचा. फारियन यांचा व्यवसाय पुढेही चालू राहिला. १९९३ मध्ये दोघांनी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रिका काढली, ती कोणी फारशी घेतली नाही. १९९८ मध्ये रॉब वारला. वय अवघे बत्तीस. आणि खरे गायक? त्यांना चेहरा नाही म्हणून मागे ठेवणारी नजर कोणाची होती? ती विकत घेणाऱ्याचीच, म्हणजे पाहणाऱ्याची होती. फारियन यांनी तिचा भाव ओळखला, एवढेच.

हे लिहिताना मला माझेच भय वाटते. आमच्या मशिदीतील मुले जुम्याचे बयान मोबाईलवर चित्रित करतात. अलीकडे मिंबरकडे जाण्यापूर्वी माझा हात आपसूक अमाम्याकडे जातो. एके रात्री घरची मंडळी निजल्यावर ते चित्रण मी पाहत बसलो. बसण्याची ढब ठीक आहे का, हात फार हलतात का, हे न्याहाळत होतो. बऱ्याच वेळाने लक्षात आले की, आवाज बंदच होता.