कचरा कुणी केला?

नात अभ्यासाला बसली होती. ‘आजी, वेस्ट म्हणजे काय गं?’ मी म्हटलं, ‘कचरा.’ मग एकेक शब्द आठवत गेले. झाडून काढतो तो केर, ताटात टाकतो ते उष्टं, भांड्याला चिकटतं ते खरकटं. आमच्या सिल्वासातल्या गुजराती शेजारणी म्हणतात एठवाड.

इंग्रजीत टाकलेली वस्तूही वेस्ट आणि ती वाया घालवणंही वेस्ट. आपल्याकडे दोन्ही वेगळं. ‘कचरा’ म्हटलं की बोट वस्तूकडे जातं. ‘नासाडी’ म्हटलं की ती कुणी केली, हा प्रश्न येतोच.

श्रावकाच्या बारा व्रतांत एक अनर्थदंडविरती. विनाकारण पाणी सांडणं, झाडाची फांदी तोडणं हीसुद्धा हिंसाच. ताट धुऊन पिण्याची रीत आपल्यात आहे ती उष्ट्यात जीव पडू नयेत म्हणून.

मीही ताट धुऊन पिते. पण शिळं आपल्याला चालत नाही, म्हणून परवा आदल्या संध्याकाळची भाजी कामाच्या मावशींपुढे केली. त्या सहज म्हणाल्या, ‘ताई, ही टाकायची की मला?’

मी गप्पच झाले. जे मला अभक्ष्य, ते त्यांना दान कसं? नासाडी माझीच होती. तिला मी दानाचं नाव दिलं होतं.

आता भाजी मापातच चिरते. तरी जास्त झालीच, तर सूर्यास्ताआधी, ताजी असतानाच, मावशींचा डबा भरते. आणि आधी विचारते, ‘आवडेल ना?’