योनाचा राग

आजच्या वाचनासाठी योनाच्या पुस्तकातले तिसरे आणि चौथे अध्याय घ्यावेत. दोन्ही मिळून २१ वचने. चहा निवायच्या आत वाचून होतात. माशाची गोष्ट तोवर मागे पडलेली असते, आणि ते एका अर्थी बरेच. संडे स्कूलमध्ये त्या माशाने एवढी जागा व्यापली आहे की योना पुढे देवावरच रुसून बसला होता, हे पुष्कळांना चाळिशी उलटल्यावर कळते.

राग कशाचा, तर निनवे वाचली याचा. चाळीस दिवसांत हे नगर उलथून पडेल, अशी घोषणा करत तो रस्त्यांतून फिरला. लोकांनी ऐकले, पश्चात्ताप केला, आणि देवाने योजलेले अरिष्ट आणले नाही. एका छोट्या संदेशावर अख्खे नगर वळले. कोणत्याही उपदेशकाला हेवा वाटावा असे यश. आणि हा गृहस्थ देवाला म्हणतो, त्यापेक्षा मला मरण दे.

त्याला हसण्याआधी निनवे म्हणजे काय होते ते पाहायला हवे. आजच्या इराकमधल्या मोसुल शहरात, तैग्रीस नदीच्या पूर्वेला तिचे अवशेष आहेत. अश्शूरी साम्राज्याचे हे बलाढ्य नगर, सन्हेरीब राजाच्या काळात राजधानी. इ.स.पूर्व ७०१ मध्ये सन्हेरीबाने यहूदातले लाखीश जिंकले आणि त्या विजयाची शिल्पे निनवेतल्या आपल्या महालाच्या भिंतींवर कोरवून घेतली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. खांबांवर टोचलेली माणसे, जिवंतपणी कातडी सोलली जाणारे कैदी, सामानसुमान घेऊन निर्वासित होणारी कुटुंबे. हे काही शत्रूने बदनामीसाठी रंगवलेले चित्र नव्हे. राजाला त्याचा अभिमान होता, पाहुण्यांनी पाहावे म्हणून त्याने ते दालन सजवले.

योना हा अमित्तयाचा पुत्र, गथ-हेफेरचा. राजे यांच्या दुसऱ्या पुस्तकात यराबाम दुसरा याच्या काळातला संदेष्टा म्हणून त्याचे नाव ओझरते येते. म्हणजे तो उत्तरेच्या इस्राएल राज्याचा. याच राज्याची राजधानी शोमरोन इ.स.पूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरने घेतली आणि राज्यच पुसून टाकले. योनाचे पुस्तक या घटनांनंतर फार उशिरा लिहिले गेले, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ते मानले तर गोष्ट अधिकच झोंबते. ऐकणाऱ्यांना ठाऊक होते की ज्यांना देव सोडून देतो आहे, त्यांनीच आपले पणजोबा-खापरपणजोबा हाकलून नेले होते.

चौथ्या अध्यायात योना आपण पहिल्यांदा का पळालो ते सांगतो, आणि त्यात भीतीचा लवलेश नाही. याफोच्या बंदरात जाऊन त्याने तार्शीशचे जहाज पकडले, कारण देव कनवाळू आहे, मंदक्रोध आहे, वाईट करण्यापासून माघार घेतो, हे त्याला पक्के माहीत होते. सोन्याच्या वासराच्या पापानंतर सीनाय पर्वतावर देवाने मोशेपुढे स्वतःची ओळख दिली ती जवळपास याच गुणांची. इस्राएल लोक ती पिढ्यान्‌पिढ्या स्तुती म्हणून गात आले. योना तीच ओळख तक्रार म्हणून देवाच्या तोंडावर फेकतो. त्याचे धर्मज्ञान अगदी बिनचूक होते. देव असाच आहे, हेच तर त्याचे दुखणे.

आपलेही बहुधा असेच असते. देवाची सहनशीलता आपल्या वाट्याला आली की आपण उपकारस्तुतीची प्रार्थना करतो. ज्याने आपल्याला लुबाडले त्याच्या वाट्याला आली की तीच ढिलाई वाटू लागते. मला यात योना फार चुकला असेही म्हणवत नाही. ज्याने मार खाल्ला आहे त्याला हिशेब हवाच असतो.

म्हणून निनवेने नेमके काय केले ते नीट वाचावे. राजा सिंहासनावरून उतरला, गोणताट नेसून राखेत बसला. गुराढोरांनाही गोणताट नेसवण्याचा हुकूम निघाला. (सरकारी हुकूम आवश्यकतेपेक्षा दोन पावले पुढे जातात, हे तेव्हाही खरे असावे.) पण त्याच हुकुमात पुढचे वाक्य आहे: प्रत्येकाने आपला कुमार्ग आणि आपल्या हातचा जुलूम सोडावा. आणि दहाव्या वचनात देवाने काय पाहिले ते येते. यहुदी गुरूंनी हे वचन बारकाईने वाचले. दुष्काळात सामुदायिक उपवास होई, तेव्हा वडीलधाऱ्याने लोकांना काय सांगावे हे मिश्नामध्ये नोंदले आहे: निनवेकरांचे गोणताट आणि उपवास देवाने पाहिले असे शास्त्र म्हणत नाही, त्यांची कृती पाहिली असे म्हणते. तालमूदात यावर आणखी एक भर आहे. कोणी दुसऱ्याची तुळई चोरून आपल्या वाड्यात बसवली असेल, तर निनवेत त्याने सगळा वाडा उतरवला आणि तुळई मालकाला परत केली.

हे मूळ कथेत नाही, गुरूंनी घातलेली भर आहे. पण पश्चात्तापाबद्दल इतके रोखठोक चित्र मला दुसरे आठवत नाही. जक्कयही याच वाटेने गेला. यरीहोत प्रभू त्याच्या घरी उतरला, तेव्हा अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट, असे तो उभा राहून बोलला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले की नाही, याची नोंद लूकने ठेवलेली नाही. आपल्याकडे उपवास-प्रार्थनेच्या सभेत एखादा रडत रडत साक्ष देतो, लोक हालेलुया म्हणतात, आणि धाकट्या भावाची दाबलेली चार गुंठे जमीन सातबाऱ्यावर थोरल्याच्याच नावे राहते. त्या अश्रूंना खोटे म्हणायचे कारण नाही. पण तुळई अजून वाड्यातच आहे.

आता योनाकडे. तो नगराच्या पूर्वेला छप्पर घालून बसला, काय होते ते पाहत. देवाने त्याच्या डोक्यावर सावलीला एक रोप वाढवले, दुसऱ्या दिवशी पहाटे किडा लावून ते सुकवले, वर पूर्वेचा झळझळीत वारा सोडला. योना पुन्हा मरण मागतो. देव त्याला विचारतो, तुझे हे रागावणे ठीक आहे का? आधीही एकदा त्याने हेच विचारलेले असते. पुस्तक संपते तेही देवाच्याच प्रश्नावर: ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरे ज्या नगरात आहेत, त्याची मी कीव करू नये काय?

या संवादात देव एकदाही म्हणत नाही की निनवेने केले ते फार वाईट नव्हते. क्षमा कर, असा हुकूमही योनाला सोडत नाही. सावली देतो, काढून घेतो, प्रश्न विचारतो, आपली बाजू मांडतो, थांबतो. निनवेला चाळीस दिवस मिळाले. योनाला तर मुदतच घातलेली नाही. मंडळीत आपण नेमके उलटे करतो. ज्याचे नुकसान झाले त्याला पहिल्याच रविवारी गाठतो, खांद्यावर हात ठेवून सत्तर गुणिले सातची आठवण करून देतो. ज्याने नुकसान केले त्याला मात्र सवड देतो, घाई नको म्हणतो. व्यासपीठावरून क्षमेचा उपदेश बहुतेक वेळा दुखावलेल्यालाच ऐकावा लागतो, ही आपल्या उपदेशांची मोठीच उणीव आहे.

निनवे पुढे पडली. इ.स.पूर्व ६१२ मध्ये बाबेल आणि मेदी यांच्या सैन्यांनी ती उद्ध्वस्त केली, आणि नहूमाचे पुस्तक सबंध त्याच नाशाविषयी आहे. आजोबांना मिळालेली माफी नातवांच्या जुलमाला पुरली नाही. येशूने मात्र नगराचा तो चांगला क्षणच उचलला: न्यायाच्या दिवशी निनवेचे लोक उठून या पिढीला दोषी ठरवतील, असे तो आपल्याच धर्मनिष्ठ श्रोत्यांना म्हणाला.

सुरियानी परंपरेच्या मंडळ्या निनवेच्या पश्चात्तापाची आठवण म्हणून आजही तीन दिवसांचा उपवास पाळतात. केरळातल्या ख्रिस्ती लोकांत तो मून्नु नोंबु म्हणून ओळखला जातो, आणि कुरविलंगाडच्या चर्चमध्ये त्या दिवसांत लाकडी जहाजाची मिरवणूक निघते. मोसुल आणि भोवतालच्या निनवे मैदानातले ख्रिस्तीही हाच उपवास करत आले. २०१४ च्या उन्हाळ्यात इस्लामिक स्टेटने त्यांना घरांतून हाकलले, आणि त्याच जुलैमध्ये निनवेच्या टेकडीवरची नबी युनूस मशीद, जिथे योनाची कबर मानली जाते, स्फोटकांनी उडवली. मोसुलमधून बाहेर पडलेली ही कुटुंबे पुढच्या वर्षी उपवासाला बसली ती निनवेला क्षमा मिळाली, त्या दिवसांची आठवण करत. त्यांच्यापैकी कोणाला योनासारखा राग आला असेल, तर तोही त्या तीन दिवसांच्या वाचनात आहेच. चौथा अध्याय कोणी वगळलेला नाही.

हा उपवास लेंटच्या सुमारे तीन आठवडे आधी, सोमवारी सुरू होतो. आपल्या मंडळीत तो नसला तरी ती २१ वचने त्या दिवसांत घरी वाचता येतील, आणि परत करायचे काही असेल तर त्यासाठी सोमवारची वाट पाहायची गरज नाही.