कळप आणि बिरादरी

सातारा-सांगलीच्या हद्दीत पसरलेल्या चांदोलीच्या रानात कोळसुंदे कळपाने शिकार करतात. मात्र शिकारीवर पिलांना आधी खाऊ देतात. पशुपक्षी हेही आपल्यासारखेच समुदाय आहेत, असे पवित्र कुरआन (६:३८) सांगतो. मग आपल्या समुदायाची रचना कशी आहे? नमाजच्या सफीत बागवान, अत्तार, शिकलगार, तांबोळी खांद्याला खांदा लावून उभे राहतात. सोयरिकीचा विषय निघताच बिरादरी आठवते आणि एखाद्या गुणी लेकीचे स्थळ परत जाते. कुळे-कबिले परस्परांच्या ओळखीसाठी आहेत. श्रेष्ठत्व केवळ तक्व्याचे (४९:१३). पुढचा नकार देण्यापूर्वी स्वतःला विचारा: आपण दीन पाहिला, की आडनाव? अल्लाह आपणा सर्वांना सद्बुद्धी देवो. आमीन.