विषाला दारातच गाठणारं कापड

कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली की फवारणीचा तुषार थेट तोंडावर येतो. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात हेच झालं. पाठीवर पंप घेऊन राबणारे शेतकरी आणि मजूर चक्कर, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी अशा अवस्थेत सरकारी रुग्णालयात येत राहिले. वीसहून अधिक माणसं गेली.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही कीटकनाशकं घामेजल्या कातडीतूनही आत उतरतात. मज्जातंतूंनी स्नायूंना दिलेला इशारा काम झाल्यावर पुसून टाकणारं एक विकर आपल्या शरीरात असतं. हे विष त्यालाच जखडतं. मग इशारे थांबत नाहीत, स्नायू थकतात, श्वास अडतो. त्या विकराला सोडवायला डॉक्टर प्रॅलिडॉक्सिम टोचतात. पण शेतातून दवाखाना गाठेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो.

बेंगळुरूत बेल्लारी रोडवर, कृषी विद्यापीठाच्या परिसरात, इनस्टेम ही संशोधन संस्था आहे. तिथल्या प्रवीण वेमुला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उतारा शरीराबाहेर आणला. खेकडे-कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसान या पॉलिमरला प्रॅलिडॉक्सिमच्याच कुळातले ऑक्झिमचे रेणू जोडून त्यांनी आधी कातडीवर लावायचा लेप केला. त्या लेपाने विषबाधेपासून उंदीर वाचले, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. मग तीच किमया सुती कापडावर उतरली. साधा सदरा विष टिपतो आणि तासन् तास अंगाला चिकटवून ठेवतो. या कापडाच्या धाग्यालाच औषध पक्कं जोडलेलं असतं, त्यामुळे कीटकनाशकाचा रेणू तिथल्या तिथे तुटतो. धुतल्यावरही गुण टिकतो.

डिसेंबर 2024 मध्ये ‘किसान कवच’ या नावाने हा पोशाख देशापुढे आला. किंमत सुमारे 4,000 रुपये, वापर वर्षभर. नवे जैवपदार्थ म्हटलं की आपल्याला कृत्रिम सांधे आणि हृदयाच्या झडपा आठवतात. मला मात्र त्यांच्याइतकाच मोलाचा वाटतो तो हा कापसाचा पोशाख, कारण तो आजार होण्याआधी कामाला लागतो.

पण पंप अनेकदा रोजंदारीवरच्या माणसाच्या पाठीवर असतो, आणि 4,000 रुपये ही त्याची कित्येक दिवसांची मजुरी आहे. बियाण्याला अनुदान देणाऱ्या सरकारने या पोशाखालाही ते द्यावं. आणि ज्यांची शेती आहे त्यांनी कीटकनाशकाचा डबा विकत घेतानाच, फवारणारा अंगावर काय घालणार आहे याची सोय करावी.