चाचणी की धंदा?

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या आईबापांपुढे मूलपेशी (स्टेम सेल) उपचाराचे रंगीत माहितीपत्रक ठेवले जाते. त्यावर आधाराशिवाय उभ्या राहिलेल्या मुलाचा फोटो असतो, ‘स्वतःच्याच पेशी, म्हणून सुरक्षित’ अशी हमी असते आणि लाखांच्या घरातले पॅकेज असते. पैसे भरूनही फरक न पडलेली मुले किती, हे मात्र कुठेच छापलेले नसते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही मान्य आजारांतले प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशी रुग्णाला द्यायच्या त्या मंजूर वैद्यकीय चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल). चाचणीबाहेरचा वापर अनैतिक ठरतो. आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. धोका रुग्ण पत्करतो, ज्ञान समाजाला मिळते. मग खर्च त्याने का सोसायचा? उलट त्याला इजा झाली तर भरपाई देणे प्रयोग करणाऱ्यावर बंधनकारक आहे. पैसे घेऊन इंजेक्शन देणारा डॉक्टर ही सगळी जबाबदारी झटकतो आणि प्रयोगाला उपचार म्हणतो.

‘दुसरा इलाजच नाही, करून बघायला काय हरकत?’ हा प्रश्न पालक विचारतात, आणि त्यांना दोष देता येणार नाही. पण हरकत आहे. पेशी स्वतःच्या असल्या तरी त्या काढताना, हाताळताना, पाठीच्या मणक्यातून टोचताना जंतुसंसर्ग होऊ शकतो. नको तिथे पेशींची वाढ होऊन गाठी झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. शिवाय ज्या पैशांत फिजिओथेरपी वर्षानुवर्षे चालली असती, ते पैसे संपतात.

नियमांमुळे संशोधन खुंटते, हा आक्षेप सुशिक्षितांना पटकन पटतो. इतिहास वेगळे सांगतो. अमेरिकेत ई. डोनाल थॉमस यांनी 1957 मध्ये सहा रुग्णांवरील अस्थिमज्जा (म्हणजे रक्ताच्या मूलपेशींच्या) प्रत्यारोपणाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतले कोणीही शंभर दिवसांपलीकडे जगले नव्हते. ते अपयश त्यांनी छापले, म्हणून पुढच्यांना शिकता आले. 1990 मध्ये त्यांना नोबेल मिळाले आणि आज ल्युकेमियाचे, थॅलेसेमियाचे रुग्ण त्या उपचाराने बरे होतात. फक्त यशाचे व्हिडिओ दाखवणाऱ्यांकडून विज्ञानाला काय मिळते?

2013 मध्ये महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. अंगारा देऊन पैसे उकळणाऱ्या बुवावर आपण तुटून पडतो. तोच दावा पांढऱ्या कोटातला माणूस करतो तेव्हा पदवी पाहून गप्प बसतो. पक्षाघात बरा करण्याची जाहिरात तर 1954 च्या कायद्याने निषिद्ध आहे.

मार्गदर्शक तत्त्वांच्या जोडीला शिक्षेची ठाम तरतूद असलेला कायदा हवाच. तोवर अन्न व औषध प्रशासनाने आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेने ही माहितीपत्रके स्वतःहून तपासावीत, तक्रारीची वाट पाहू नये. जमीन विकून आलेला बाप सहसा तक्रार करत नाही. पुढच्या इंजेक्शनने मूल चालेल, असे त्याला सांगितलेले असते.