ओझं ज्याचं, भाडं त्याचं?

गिरण्यांच्या काळात लालबाग-परळच्या चाळींत ‘गावची खोली’ असायची. खानापूर, चंदगड, आजऱ्याकडून आलेला तरुण मुंबईत उतरला की बोचकं घेऊन थेट तिथंच जायचा. भिंतीला लागून ट्रंका, झोपायला पाळीनं जागा, जेवण खानावळीत आणि भाडं माणशी वाटून. देवही गावाकडचाच असायचा, खानापूरकडच्या गुंजीकराची माउली, आजरेकराचा रवळनाथ. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांनी धोबीतलाव-माझगावात अशाच गावोगावच्या कुडी चालवल्या आणि तिथं वेदी मांडली.

खोली वापरायचा अख्खा गाव. इमारत मात्र कुणा मालकानं गुंतवणूक म्हणून बांधलेली असायची. खाली दुकानांचे गाळे, वर बिऱ्हाडं, आणि दोन्हींकडून महिन्याला भाडं. दुसरा माणूस राहतो म्हणून आपल्याला पैसे मिळावेत, यात धर्म कुठं बसतो?

इस्लामी धर्मशास्त्रानं यावर नेमकं बोट ठेवलं आहे. तिथं व्याज निषिद्ध, पण घरभाडं चालतं. कर्ज देणाऱ्याला ठरलेली वाढ मिळते, मग घेणाऱ्याचं काहीही होवो. घर भाड्यानं देणाऱ्याच्या अंगावर मात्र घराची जोखीम राहते. भिंत खचली, छप्पर गळलं तर तोटा त्याचा. भाड्याचा हक्क येतो तो हे ओझं वाहण्यातून.

ही कसोटी मुंबईच्या जुन्या इमारतींना लावली की मालक आणि भाडेकरू दोघेही अडचणीत येतात. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं प्रमाण भाडं सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधलं. युद्धानंतरच्या टंचाईत त्यामुळे लाखो लोकांच्या डोक्यावर छप्पर राहिलं. पण सिमेंट आणि मजुरी १९४०च्या दरानं मिळत नव्हती. मालकानं डागडुजी सोडली आणि पावसाळ्यागणिक इमारती कोसळू लागल्या. अखेर १९६९मध्ये सरकारनं दुरुस्ती मंडळ नेमून इमारतींवर उपकर बसवला. ओझं मालकाच्या खांद्यावरून हललं, मालकी तिथंच राहिली. दुसरीकडे खोलीचा ताबा पागडी घेऊन हातोहात फिरू लागला. भाडेकरू महिन्याला जुनंच भाडं भरायचा आणि खोली सोडताना बाजारभाव घ्यायचा. १९९९च्या कायद्यानं पागडीला मान्यताही दिली. जोखीम न घेता नफा मिळवण्यात आता मालक एकटा नव्हता.

१९८६मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण आलं. सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर उपकरप्राप्त इमारत संपादित करून त्यांच्या सहकारी संस्थेला देता येईल, आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट मोबदला मिळेल, अशी तरतूद झाली. प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन न्यायालयात गेली. घटनेच्या अनुच्छेद ३९(ख)मधल्या ‘समाजाच्या भौतिक साधनसंपत्ती’त खासगी घरही येतं का, हा प्रश्न वाढत वाढत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे गेला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमतानं उत्तर मिळालं: प्रत्येक खासगी मालमत्ता त्यात येत नाही, काही येऊ शकतात. मालमत्तेचं स्वरूप, तिची टंचाई, समाजावर होणारा परिणाम हे पाहून ठरवायचं.

न्यायालयानं दोन टोकांमधली जी जागा मोकळी ठेवली, तिथं गांधींनी आपलं बस्तान आधीच मांडलं होतं. त्यांचा विश्वस्ततेचा विचार मालकाला घालवत नाही, पण गरजेपलीकडचं धन समाजाचं समजून सांभाळायला सांगतो. त्याचं मूळ ते ईशोपनिषदाच्या पहिल्या मंत्रात पाहत. १९३७च्या त्रावणकोर दौऱ्यात त्यांनी या एका मंत्रात हिंदू धर्माचं सार आहे असं सांगितलं होतं. टीकाकारांचा आक्षेपही रास्त आहे: विश्वस्तानं विश्वास मोडला तर भाडेकरूनं दाद कुठं मागायची?

आपल्याकडे असा एक मालक मात्र आहे, जो स्वतः काहीच खर्च करत नाही. मूर्ती ही कायद्याच्या नजरेत व्यक्ती आहे. प्रिव्ही कौन्सिलनं १९२५मध्ये हे स्पष्ट केलं. देवाच्या नावावर शेत असतं, दुकानाचे गाळे असतात. पण कायदा देवाला कायमचा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, धरतो, आणि कारभार पाहणाऱ्याला ते उत्पन्न घरी नेता येत नाही. विश्वस्ततेला इथं कायद्याचे दात आहेत.

पुनर्विकासात हा सगळा गुंता गावच्या खोलीपर्यंत येतो. भाडेपावती बहुधा एकाच्या नावावर, भाडं भरलं सगळ्यांनी. नव्या टॉवरमधला फ्लॅट पावतीवाल्याच्या वारसांचा की गावाचा? कायदा आधी पावती बघतो. ओझ्याची कसोटी लावली तर वर्गणीची वही बघावी लागेल.

बेळगावच्या जुन्या पेठांतही खाली दुकान, वर घर अशा इमारतींच्या जागी नवी बांधकामं होत आहेत. गुंजी-खानापूरच्या माणसाला तिथं पैसे गुंतवायचे झाले तर परतावा किती, हे दलाल न विचारताच सांगेल. गच्ची गळली तर खर्च कोण करणार, वर राहणाऱ्या जुन्या बिऱ्हाडाची बांधकाम होईपर्यंत सोय कुठं, आणि ते परत येणार हे करारात लिहिलंय का, हे मात्र त्या माणसाला स्वतःहून विचारावं लागेल, तेही सही करण्याआधी.